चुकीच्या वाफ्याचा वारस

मी, खाली सही करणारी, माध्यमिक शाळेतील शेती या विषयाची निवृत्त शिक्षिका, राहणार शाळेच्या मागच्या गल्लीतले शेवटचे घर, पूर्ण शुद्धीत आणि थोड्याशा रागात असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. राग आहे म्हणजे बुद्धी ठिकाणावर नाही, असा अर्थ कोणी काढू नये. माझी बुद्धी रागातच जास्त ठिकाणावर असते, हे शाळेत कोणालाही विचारावे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात गुडघे गेल्याचे लिहिले आहे, डोके गेल्याचे नाही. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती झालेली नाही. जबरदस्ती करायला आलेले लोक चहा पिऊन परत गेले, त्यांचा उल्लेख पुढे येईल. माझे नाव खाली सहीत आहे. सही वाचता येत नाही ही तक्रार जुनी आहे, आता ती सुधारणार नाही.

या कागदाचे कारण एकच आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून माझ्या मालकीची जी जमीन आहे, तिच्यावर आठवी ते दहावीची मुले हाताने शेती शिकतात. माझ्यामागे तिथे सभागृह उभे राहू नये, गाड्या उभ्या राहू नयेत. तिथे मुलेच उभी राहावीत, वाकावीत आणि त्यांनी हात मळवावेत. घर, ठेव, भांडीकुंडी हे सगळे आपले ओघाने आले.

मसुद्याला कायद्याची भाषा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दिली आहे. ती आता चांगली नावाजलेली वकील आहे. मी तिला वकीलबाई म्हणते, ती अजून लाजते. दर चार ओळींनी ती म्हणते, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, "बसत नसेल तर उभं राहू दे." या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. फी घ्यावी, लाजू नये.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या कागदाने रद्द समजावे. त्यात मी सर्व काही माझ्या मुलाला दिले होते आणि जमिनीबाबत "तो योग्य ते करील" एवढेच लिहिले होते. ते वाक्य आता मला आळशी वाटते. का वाटते ते कलम पाचमध्ये येईल.

कलम २. राहते घर, त्यातले सामान, शिवणयंत्र आणि कधीच नीट न लागणारा मागचा दरवाजा हे सर्व माझी सून आणि माझा मुलगा या दोघांना मिळून. सुनेचे नाव आधी लिहिले आहे ते चुकून नाही. नळ गळायला लागला की प्लंबरला फोन ती करते. मुलगा नळाखाली बादली ठेवतो आणि प्रश्न सुटला असे समजतो. दोघांचा संसार नीट चालला आहे, त्यात माझी लुडबुड नको. फक्त मागची खोली रिकामी करायची घाई करू नये. तिच्यातले सामान शाळेचे आहे आणि ते उचलायला शाळेची माणसे येतील.

कलम ३. बँकेतील मुदत ठेवीचे व्याज दरवर्षी शेतीच्या तासासाठी खर्च व्हावे. बी, शेणखत, झारीचे तोंड, मोडलेल्या मुठी, फोड आलेल्या हातांना लावायचे मलम, असल्या गोष्टींवर. त्यातून पडदा, संगणक, सत्कार, हार किंवा माझा फोटो घेऊ नये. फोटो कोणी पदरच्या पैशाने लावलाच, तर अवजारांच्या खोलीत लावू नये. मुले तिथे आधीच विळ्यांना घाबरतात.

पडद्याबद्दल सांगणे भाग आहे. संस्थेचे अध्यक्ष मला मध्यंतरी त्यांच्या गाडीतून दुसऱ्या एका शाळेत घेऊन गेले. तिथे शेतीची नवी खोली केली आहे. थंडगार हवा, भिंतीएवढा पडदा. बोट लावले की बी पडते, पुन्हा लावले की उगवते, आणखी एकदा लावले की कणीस डोलायला लागते. अध्यक्ष म्हणाले, "बघा बाई, ना चिखल, ना ऊन, ना किडे." मी विचारले, "आणि पाणी जास्त झालं तर?" पडदा चालवणारा तरुण गोंधळला. "तसा ऑप्शनच नाहीये, मॅडम." त्या पडद्यावर काहीच मरत नाही. ज्याच्या हातून एकही रोप मेलेले नाही, त्याला शेती शिकवायची म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकवायचे. हे मी परतीच्या वाटेवर अध्यक्षांना सांगितले. त्यांनी गाडीची काच खाली केली आणि आज हवा छान आहे, असे म्हणाले.

कलम ४. खुरपी, कुदळी, फावडी, झाऱ्या, दोऱ्या आणि मापाच्या काठ्या, अशी मागच्या खोलीतील सर्व अवजारे शाळेच्या शेतीच्या तासाला.

शाळेला सुरुवातीला मिळालेली अवजारे मोठ्या माणसांची होती. आठवीतली मुलगी कुदळ उचलायला गेली की कुदळच तिला उचलायची. मी मुलांच्या हातांची मापे घेऊन लोहारदादांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, इथे खेळणी नाही बनत." मी म्हणाले, "मग बनवायला शिका." पहिली खुरपी खरोखरच खेळण्यासारखी झाली आणि आठवडाभरात वाकली. दोष मापाचा की लोखंडाचा, यावर आम्ही भर रस्त्यात भांडलो. दोघांचाही होता. पुढच्या खेपेची खुरपी अजून चालू आहेत. मुठी तेवढ्या बदलल्या. अवजार धुतल्याशिवाय, पुसल्याशिवाय आणि तेलाचे बोट फिरवल्याशिवाय खुंटीवर जाणार नाही, हा नियम माझ्या पश्चातही चालू राहील. मुख्याध्यापकांनी अवजार घेतले तरी हाच नियम.

त्यात एक डावखुरा विळा आहे. तो मी एका मुलीसाठी मुद्दाम करून घेतला होता, कारण साध्या विळ्याने तिला गवत कापता येईना आणि वर्ग तिला "उलटी" म्हणून चिडवत होता. ती मुलगी सध्या माझ्यासमोर बसून हे डाव्या हाताने लिहून घेत आहे. विळा तिलाच द्यायचे माझ्या मनात होते. ती म्हणाली, "बाई, मसुदा करणारीने काही घेऊ नये. आणि पुढच्या डावखुऱ्या पोराने काय करायचं?" मुद्दा बरोबर आहे. विळा शाळेतच राहील.

लोहारदादा या कागदाचे एक साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकीलबाई सांगते. म्हणून त्यांना द्यायचे ते मी जिवंतपणीच हातात दिले: माझा रेडिओ. आता त्यांच्या भट्टीत हातोडा गाण्याच्या तालावर पडतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे.

कलम ५. मागच्या खोलीतले पत्र्याचे डबे. काही बिस्किटांचे आहेत, काही रंगाचे. या माझ्या पाठपेट्या. प्रत्येक डब्यात एक पाठ आणि त्याला लागणारे सगळे सामान आहे. एकात माती ओळखायचा पाठ आहे: बाटलीत मूठभर माती घालायची, पाणी ओतायचे, खळखळून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळू लगेच तळाला बसते, चिकणमाती फार उशिरा. तोवर गप्प बसायचे, आणि गप्प बसणे हाच निम्मा पाठ. दुसऱ्या डब्यात ओल्या फडक्यात बी गुंडाळून उगवण बघायचा पाठ आहे. एका पाठाचे सामान डब्यात मावत नाही: शेतात एक खड्डा आहे, त्याच्या एका बाजूला जुन्या दुकानाच्या शोकेसची काच बसवली आहे. तिच्यातून मुळे खाली जाताना दिसतात. ती काच कोणी पुसायची म्हणून घासू नये. ओल्या फडक्याने टिपावी.

हे सर्व डबे सध्याच्या शेती शिक्षकाला. त्याला येऊन बरीच वर्षे झाली तरी मुले त्याला नवा सरच म्हणतात. त्याने माझ्यासारखे शिकवू नये. डबे माझे, पाठ त्याचे. एखादा डबा निरुपयोगी वाटला तर खुशाल बिस्किटे भरावीत.

शेतीच्या पाठ्यपुस्तकाची माझी प्रत मात्र पुस्तक तयार करणाऱ्या मंडळाला पाठवावी. तिच्यात मी एकच शब्द लाल शाईने जागोजागी खोडला आहे: योग्य. "बी योग्य खोलीवर पेरावे. योग्य प्रमाणात पाणी द्यावे. योग्य वेळी खुरपणी करावी." योग्य म्हणजे किती, ते पुस्तकात कुठेही नाही. मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात, आणि वाफ्याशी आली की बी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघतात. ज्याने हा शब्द लिहिला त्याने आयुष्यात काही पेरलेले नाही, अशी माझी खात्री आहे. माणसाला स्वतःला माहीत नसते तेव्हा तो समोरच्याला योग्य ते करायला सांगतो.

कलम ६. आमचे जुने मुख्याध्यापक, ज्यांना सारी शाळा शिट्टीसर म्हणते, यांच्यावरचा माझा राग मी कोणालाही वारसाने देत नाही. तो माझा आहे, माझ्याबरोबर जाईल. पण जमीन कशी आली हे त्याशिवाय कळणार नाही, म्हणून हकीकत लिहिते.

आमच्या शाळेत एक शब्द होता: शेतावर. मुतारीच्या मागे शाळेचा एक खडकाळ पट्टा होता, तिथे मी शेतीचा तास घेत असे. कोणी उशिरा आले, कोणी रांगेत हसले, कोणाचे बूट मळके निघाले, की शिट्टी वाजायची आणि सरांचे बोट उठायचे. "तू! शेतावर!" मग ते पोर मान खाली घालून मैदान ओलांडून माझ्याकडे यायचे आणि खिडक्यांतून सगळी शाळा हसायची. रांगेत हसले म्हणून कोणी कोणाला "भूगोलावर!" पाठवत नसे. शिक्षा एकाच विषयाची होती, आणि तो विषय माझा होता.

माझा मुलगा तेव्हा आठवीत. एके दिवशी शेजारच्या पोराने काहीतरी सांगितले आणि तो रांगेत फिसकन हसला. शिट्टी. "तू! शेतावर!" तो मैदान ओलांडून आला आणि माझ्यासमोर, त्याच्या आईसमोर, हात पुढे करून उभा राहिला. मी त्याच्या हातात खुरपे दिले. दहावीचा वर्ग बघत होता, दुसरे काही करण्यासारखे नव्हते. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आई, मला आज एकदाच पाठवलं. तू तर रोज जातेस. तुला कोणी शिक्षा केलीय?"

इतके खोल मला त्याआधी काही लागले नव्हते आणि त्यानंतरही लागलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. म्हणाले, "सर, शेतावर पाठवणं बंद करा."

"अहो बाई, पोरं कामाला लागली तर वाईट काय त्यात? घाम गाळला की माणूस सुधारतो."

"काम वाईट नाहीच, सर. तुम्ही त्याला शिक्षा म्हणता, ते वाईट आहे. उद्या ही पोरं शेताकडे बघतील ती याच नजरेनं."

"शाळेची जमीन आहे. तिथे कोणाला पाठवायचं ते मुख्याध्यापक ठरवणार."

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग मी माझी जमीन आणते."

रागात माणूस काहीही बोलतो. मी बोलले ते केले, एवढाच फरक. आईने दिलेल्या बांगड्या विकून मी भिंतीपलीकडचा तुकडा घेतला. तिथे पूर्वी वीटभट्टी होती. माती कमी आणि विटांचे तुकडे जास्त. माझे पती, जे आता नाहीत, म्हणाले, "सोनं देऊन विटा घेणारी जगातली पहिली बाई तूच." आणि पुढच्या रविवारपासून दर रविवारी माझ्याबरोबर विटांचे तुकडे वेचायला आले. भिंतीत फाटक पाडायला संस्थेने परवानगी दिली, कारण संस्थेला फुकटची जमीन दिसत होती. फाटकावर मी पाटी लावली: येथे कोणालाही पाठवू नये, ज्याला यायचे त्याने यावे. शिट्टीसरांनी तरीही एक पोर पाठवले. मी त्याच्या हाती चिठ्ठी देऊन परत पाठवले: "चुकीच्या पत्त्यावर आलेला माल परत."

पुढे पुढे उलटेच झाले. वर्गात दंगा झाला की नुसते "आज शेत बंद" म्हटले तरी चिडीचूप. मुले तासाच्या आधी फाटकाशी गर्दी करू लागली. फक्त एक जण त्या फाटकातून कधीच आत आला नाही, तो माझा मुलगा. दहावी झाली, शाळा सुटली, लग्न झाले, तरी नाही. मला डबा द्यायला यायचा तोही भिंतीवरून द्यायचा.

कलम ७. जमिनीच्या अगदी मधोमध एक वाफा आहे, त्याला आम्ही चुकीचा वाफा म्हणतो. बाकीचे वाफे नीट करायचे, हा मुद्दाम चुकवायचा. बी वीतभर खोल पुरायचे, कांदे उलटे लावायचे, टोमॅटोला पाण्यात बुडवायचे, मुळा इतका दाट पेरायचा की त्याला श्वास घ्यायला जागा राहू नये. ज्या मुलाला जी चूक करून बघायची असेल ती करायची मुभा. नियम एकच: चूक उघड करायची आणि स्वतःच्या नावाने करायची. प्रत्येक चुकीपुढे एक छोटी पाटी रोवायची. काय केले, कोणी केले, आणि शेवटी काय झाले. पीक निघेपर्यंत पाटी काढायची नाही. किती खोल म्हणजे फार खोल, हे मुलांना या वाफ्याने शिकवले. पुस्तकाच्या "योग्य"ला ते कधीच जमले नाही.

एकदा तपासणी यायची होती. शिट्टीसर आदल्या संध्याकाळी फाटकातून डोकावले आणि बघतात तो सगळे शेत हिरवे आणि मधला वाफा मसणात गेलेला. शाळेची अब्रू वाचवायची म्हणून त्यांनी शिपायाला रोपवाटिकेत पिटाळले, तयार रोपे आणवली आणि तो वाफा रातोरात हिरवागार करून टाकला. हेतू चांगला होता, हे मी आज मान्य करते. पण पाट्या काढायला कोणाला सुचले नाही. सकाळी तपासनीस वाफ्यापुढे उभे राहिले. पाटीवर मुलाच्या अक्षरात लिहिलेले: "वीतभर खोल पेरलेला घेवडा. उगवणार नाही." आणि पाटीमागे घेवडा असा तरारलेला की शेंगा यायच्याच बाकी. पुढची पाटी: "पाण्यात बुडवलेला टोमॅटो. मेला." मागे टोमॅटो ताठ उभा. तपासनीसांनी सगळ्या पाट्या शांतपणे वाचल्या आणि शेरा लिहिला: "शिक्षिकेचे विषयज्ञान अत्यंत कच्चे." तो शेरा माझ्या नोकरीच्या कागदांत शेवटपर्यंत राहिला. शिट्टीसरांनी तो खोडून घ्यायचा प्रयत्न केला म्हणतात, निदान त्यांनी तसे लोहारदादांना सांगितले. मला कधी सांगितले नाही. आमचे बोलणे तेव्हा बंद होते.

कलम ८. जमीन, म्हणजे कलम सातमधला वाफा वगळून बाकीची सर्व, शाळेला. अटी अशा: तिच्यावर शेतीचा तास होत राहावा, बांधकाम होऊ नये, विक्री, गहाण, भाडेपट्टा होऊ नये, आणि कोणत्याही मुलाला शिक्षा म्हणून तिथे पाठवू नये. शेवटची अट मोडली तर बाकीच्या पाळल्या तरी मोडल्यासारख्या समजाव्यात.

अटी का लिहिल्या, तर अध्यक्ष आणि माझा मुलगा एकाच गाडीतून माझ्याकडे आले होते. नकाशे आणले होते: सभागृह, पुढे गाड्यांची जागा. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यानंतर कोण बघणार ते? नवा सर बदलून गेला की महिनाभरात ओसाड पडेल. त्यापेक्षा सभागृह होऊ दे. तुझं नाव देणार आहेत."

"भिंतीला?"

"हो, मोठ्या अक्षरात," अध्यक्ष म्हणाले.

"भिंतीला पालवी फुटली की कळवा," मी म्हणाले आणि चहा टाकला. त्यांनी तो पिऊन टाकला आणि नकाशे गुंडाळले.

अध्यक्ष गाडीत जाऊन बसले, मुलगा मागे रेंगाळला. चपलेचा पट्टा लावत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला त्यातलं काही नकोय गं. ते फाटक दिसलं की अजून ती शिट्टी ऐकू येते. तिथे दुसरं काहीतरी झालं तर बरं, एवढंच." माझा मुलगा लोभी नाही, हे मी शपथेवर लिहिते. कोणी तसे म्हणाले तर वकीलबाईने त्याच्यावर दावा लावावा.

कलम ९. चुकीचा वाफा, त्याच्याकडे जाणारी पायवाट आणि फाटकाची एक किल्ली माझ्या मुलाला. एकट्याला, संपूर्ण मालकीने, कोणत्याही अटीशिवाय.

इथे वकीलबाईने पेन खाली ठेवले. "बाई, बिनशर्त? वाफा बरोब्बर मध्ये आहे. तो हातात आला की अध्यक्षांचं सभागृह झालंच म्हणून समजा. बाकीच्या अटींतून वाट काढणारे वकील मिळतात हो. मला विचारा."

"आणि त्यानं नाही म्हटलं तर?"

"तर पायाच घालता येणार नाही."

"मग लिही."

बाळा, आता हे तुला. वकीलबाई म्हणते मृत्युपत्रात कोणाशी बोलता येत नाही; पण तुझ्याशी मी या विषयावर इतकी वर्षे बोललेच नाही, तर आता कायद्याने थोडे सोसावे. मी तुला शेती करायला सांगत नाही. तुला माती आवडत नाही, आणि ती आवडू नये याची पुरेपूर व्यवस्था झाली होती. एका माणसाने बोट उचलून तुला तिथे पाठवले. मी तुला पाठवत नाही. ती जागा तुझी आहे. तुझ्या जागेवर तुला कोणी पाठवू शकत नाही आणि तिथून कोणी हाकलूही शकत नाही. तुझ्या सहीशिवाय तिथे वीट बसणार नाही आणि तुझ्या सहीने बसेल. अध्यक्ष येतील, आर्जव करतील, चहा पाजतील. त्यांना काय सांगायचे ते तू ठरव.

मला काय हवे आहे ते तुला ठाऊक आहे, मी ते लपवत नाही. ते फाटक उघडे राहावे, मुले येत राहावीत, यासाठी मी सगळे आयुष्य घातले आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तुला अटीत बांधून ते मिळवले, तर तेही "तू! शेतावर!" म्हटल्यासारखेच होईल. ते मी करणार नाही. तू वाफा देऊन टाकलास, तर ती चूक असेल, आणि चूक करायला तो वाफा आहेच. फक्त तिथला नियम पाळ. जे करशील ते उघड कर, पाटीवर स्वतःच्या अक्षरात लिही, आणि शेवटी काय झाले ते बघायला उभा राहा.

"योग्य ते कर" असे लिहीत नाही. तो शब्द मी खोडला आहे. तुझी पाटी मागच्या खोलीत दाराशी ठेवली आहे, कोरी. खडू बिस्किटांच्या डब्यात आहे.

साक्ष. हे मृत्युपत्र दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. कायद्याला त्याची गरज नव्हती, मला होती. दुसरे साक्षीदार म्हणून मी मुद्दाम शिट्टीसरांना बोलावले. साक्षीदाराला काही द्यावे लागत नाही, हे त्यांना कळवलेही होते. ते काठी टेकत आले. कलम सहा ऐकताना त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "बाई, 'शिक्षा'च्या जागी 'शिस्त' लिहिलं तर?"

"नाही, सर."

लोहारदादा छताकडे बघत बसले. कलम नऊ संपल्यावर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पेन मागितले. सही करताना मध्येच थांबले.

"त्या वाफ्यात मला एक पाटी लावायची असेल, तर परवानगी कोणाची लागेल?"

"आत्ता माझी. माझ्यानंतर मालकाची. म्हणजे माझ्या मुलाची."

"नको, तुमची नको," ते म्हणाले. "त्यालाच विचारतो. आहे का घरात?"

मुलगा पुढच्या खोलीत सुनेबरोबर बसला होता. सर सही पूर्ण करून उठले आणि तिकडे गेले. दार लावलेले नव्हते, पण आम्ही तिघांनी ऐकले नाही, असे लिहावे असे वकीलबाईचे म्हणणे आहे. म्हणून तसे लिहिते. बऱ्याच वेळाने मुलगा दारात आला आणि त्याने मला विचारले, "आई, फाटकाची किल्ली आत्ता मिळेल का?"

वकीलबाई म्हणाली, मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतर होतो. मी तिला गप्प बसवले आणि कंबरेची किल्ली काढून त्याला दिली. दोघे मागच्या दाराने गेले, सर काठी टेकत, मुलगा त्यांच्या पुढे. जाताना त्याने दाराशी ठेवलेली कोरी पाटी काखेत मारली. तिच्यावर कोण लिहिणार ते मी विचारले नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या सांगण्यावरून लिहिला आहे, मी तो वाचला आहे, आणि खाडाखोड फक्त एका शब्दाची आहे.

सही: (माझी, वाचता येत नाही, तरी माझीच)

साक्षीदार १: भट्टीवाले लोहारदादा. सही, शेजारी काळा अंगठा, तो चुकून उमटलेला.

साक्षीदार २: निवृत्त मुख्याध्यापक. सही, मध्येच थांबून पूर्ण केलेली.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल, मागचा दरवाजा उघडा.

दिनांक: पहिल्या पानावर वकीलबाईने आकड्यांत घातला आहे. माझ्या हिशेबाने, रोपे उचलून लावायच्या आठवड्यातला मंगळवार.